पागानिनीचा वारस कोण?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. 'हेवी मेटल' नावाचा एक संगीतप्रकार इंग्लंडात जन्मला. विजेवर वाजणारी गिटार, तिचा मुद्दाम फाटका केलेला आवाज आणि ड्रमचा दणदणाट, असा त्याचा थाट. तो आता खेड्यातल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत पोचला आहे. त्याचे चाहते म्हणतात, आमचे वादक म्हणजे आजचे बाख आणि पागानिनी. जुन्या संगीताचे रसिक हे ऐकून कानांवर हात ठेवतात. खरे कोणाचे, ते इतिहासालाच विचारू या.

निकोलो पागानिनी हा इटलीचा व्हायोलिनवादक १७८२ साली जेनोआ शहरात जन्मला. त्याचे २४ 'काप्रिचे' १८२० साली छापून निघाले. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या या छोट्या रचना इतक्या अवघड, की भल्याभल्यांची बोटे अडखळावीत. त्याचा हात एवढा चाले, की लोक म्हणू लागले, याने सैतानाशी करार केला आहे! १८४० साली तो वारला, तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी त्याला पवित्र भूमीत जागा दिली नाही. त्याचा देह पार्मा शहरातल्या दफनभूमीत आला तो १८७६ साली. म्हणजे 'हे सैतानी संगीत' हा आरोप मेटलवाल्यांवरच प्रथम झाला असे नव्हे.

याच पागानिनीला १८३२ साली पॅरिसमध्ये फ्रान्झ लिस्टने ऐकले. लिस्ट तेव्हा विशीतला तरुण होता. तो इतका भारावला, की पियानोवर असेच अचाट काही करायचे, असे त्याने ठरवले. पण त्याने व्हायोलिनची नुसती नक्कल केली नाही. पियानोला काय साधेल आणि दहा बोटांनी काय उभे करता येईल, याचा त्याने नव्याने शोध घेतला.

आता विसाव्या शतकात येऊ. स्वीडनचा इंग्वे माल्मस्टीन १९६३ साली जन्मला. लहानपणी त्याने गिडॉन क्रेमर या वादकाला दूरदर्शनवर पागानिनीचे काप्रिचे वाजवताना पाहिले आणि त्या वाटेने तो गेला. १९८४ साली त्याची 'रायझिंग फोर्स' ही ध्वनिमुद्रिका निघाली. व्हायोलिनची ती धावती सुरावट त्याने विजेच्या गिटारवर आणली. त्याची तयारी वादातीत आहे. वेगाचीच गोष्ट असेल, तर तुलना शोभते. परंतु त्याच्या स्वरांची घडण पुष्कळशी जुन्या घराचीच आहे.

दुसरा वादक टोनी आयोमी. हा बर्मिंगहॅमचा कामगार मुलगा. १९६५ साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणून तारा दाबायचा हात नेमका तोच! प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली आणि त्यांवर चामडे चढवले. बारीक तारा लावल्या. पुढे तारा उतरवून सैल केल्या. त्यातून जो खोल, जडशीळ आवाज निघाला, तो पुढच्या साऱ्या मेटलचा पाया ठरला.

त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. तिच्यातले पहिलेच गाणे षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधल्या अंतरावर उभे आहे. युरोपातल्या जुन्या शास्त्रात या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणत. आपल्या यमनात तोच तीव्र मध्यम लागतो, आणि संध्याकाळ प्रसन्न होते! स्वर तेच, कोण कशासाठी लावतो, त्यावर त्यांचा भाव ठरतो. या गाण्यामागे इंग्रज रचनाकार गुस्टाव्ह होल्स्ट याच्या 'मार्स' या रचनेचा ठसा होता, असे त्या बँडमधल्या मंडळींनीच सांगितले आहे. 'मार्स' म्हणजे मंगळ, युद्धाची देवता. होल्स्टने १९१४ ते १९१७ या काळात रचलेल्या ग्रहमालेतला तो एक भाग. आयोमीने तो जसाच्या तसा उचलला नाही. त्यातली धास्ती तेवढी घेतली आणि ती आपल्या गिटारच्या आवाजात नव्याने मांडली.

म्हणून मला वाटते, पागानिनीसारखा वाजवतो तो माल्मस्टीन. पण लिस्टच्या वाटेने गेला तो आयोमी. कानाला जो जुन्यांसारखा मुळीच वाटत नाही, तोच त्यांच्या कामाला अधिक जवळचा आहे.

मग आयोमी बाखच्या पंक्तीला बसला का? तसे नाही. बाखच्या रचनेत अनेक सुरावटी एकाच वेळी स्वतंत्र चालतात आणि तरी एकमेकींना सांभाळतात. ती बांधणी मेटलमध्ये सहसा शोधूनही सापडत नाही. शिवाय बाख १७५० साली गेला आणि त्याचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये पुन्हा उभे केले ते १८२९ साली. मोठेपणाचा निवाडा इतका सावकाश होतो. तो आपण घाईने कशाला करावा?

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातला एखादा मुलगा हे संगीत ऐकताना दिसला, तर त्याला लगेच दटावू नका. त्याला पागानिनीचा एक काप्रिचो ऐकवा आणि मग त्याचे गाणे लावायला सांगा. या वादकाने जुन्यातले काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, एवढेच त्याला विचारा. उत्तर शोधण्यासाठी त्याला दोन्ही नीट ऐकावी लागतील, आणि तुम्हालाही.