तुमचा 'एन' किती? लाकूडतोड आणि जैवविविधता मोजण्याचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षाचं सादरीकरण होतं. विषय साधा होता: लाकूडतोड झाल्यावर जंगलातल्या जैवविविधतेचं काय होतं? समितीतल्या एका सरांनी विचारलं, "तुमचा एन किती?" मी ऐटीत म्हणाले, "साठ." तोडलेल्या कुपात तीस प्लॉट, न तोडलेल्या जंगलात तीस.

"कूप किती?"

"एक."

"आणि न तोडलेलं जंगल?"

"तेही एकच."

"मग तुमचा एन एक आहे."

अख्खा हंगाम गेला होता. घरी येऊन रडून झाल्यावर मी जुने पेपर वाचायला घेतले, आणि कळलं की ही चूक माझी एकटीची नाही. हा प्रश्न कसा मोजायचा हे शिकण्यात या क्षेत्राचीच कित्येक वर्षं गेली आहेत. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हा इतिहास सांख्यिकीच्या पुस्तकाआधी वाचलेला बरा.

सुरुवात जैवविविधतेपासून नाही, लाकडापासून होते. १८५६ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूत, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सागाच्या जंगलांचा कारभार पाहायला आला. किती साग तोडता येईल हे ठरवायला आधी किती साग आहे ते कळायला हवं. तो हत्तीवर बसून जंगलातून सरळ रेषेत जायचा. डाव्या हातात बांबूचे चार तुकडे, उजव्या हातात चाकू. सागाचे घेरानुसार चार वर्ग, आणि प्रत्येक झाडामागे त्या त्या वर्गाच्या बांबूवर एक खाच. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराची झाडं पहिल्या वर्गात. त्यातली दरवर्षी तेवढीच तोडायची, जेवढी खालच्या वर्गातून वाढून वर येतील. हाच ब्रँडिस पुढे १८६४ मध्ये भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

पद्धत म्हणून हे फार सुंदर आहे. रेषा ठरलेली, वर्ग ठरलेले, मोजणी तिथल्या तिथे. पण त्या चार तुकड्यांवर फक्त साग आहे. बाकीची झाडं, वेली, पक्षी, किडे यांच्यासाठी पाचवा तुकडाच नव्हता. त्यानंतर शंभरेक वर्षं वनव्यवस्थापनाचा मुख्य प्रश्न 'लाकूड परत येतं का?' हाच राहिला. ते परत येत असेल, तर जंगल ठीक आहे असं धरलं जायचं.

हे गृहीतक किती कच्चं आहे, ते विसाव्या शतकाच्या शेवटी आग्नेय आशियात आकड्यांनी दिसलं. अँड्र्यू जॉन्स यांनी पश्चिम मलेशियातल्या सुंगाई तेकाम इथे 'निवडक' तोडीचा अभ्यास केला. ठेकेदाराने काढली ३.३ टक्के झाडं. नष्ट झाली ५०.९ टक्के. एक मोठं झाड पडताना शेजारची घेऊन पडतं, वेली ओढल्या जातात, ओंडके बाहेर काढायला रस्ते पाडावे लागतात. म्हणजे किती लाकूड नेलं आणि जंगलाचं किती नुकसान झालं, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. गंमत म्हणजे गिबन आणि लंगूर तिथेच टिकून राहिले, पण फळं कमी झाल्यामुळे पानांवर जास्त जगू लागले. नुसती प्रजातींची यादी केली असती तर 'काही फरक नाही' असंच उत्तर आलं असतं.

पुढच्या काळात असे अभ्यास वाढले आणि गोंधळही वाढला. फुलपाखरांचंच घ्या. इंडोनेशियातल्या बुरू बेटावर जेन हिल, कीथ हॅमर आणि सहकाऱ्यांना तोडीनंतर पाच वर्षांनीही न तोडलेल्या जंगलात जास्त प्रजाती सापडल्या (१९९५). दुसरीकडे काही अभ्यासांत तोडलेल्या जंगलात विविधता वाढलेली दिसत होती. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. २००० मध्ये हॅमर आणि हिल यांनी फुलपाखरं आणि पतंगांवरचे असे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. लहान क्षेत्रात नमुने घेतले की तोडीमुळे विविधता वाढलेली दिसण्याची शक्यता जास्त, मोठ्या क्षेत्रात घेतले की कमी. कारण समजायला सोपं आहे. गर्द सावलीतल्या छोट्या प्लॉटमध्ये मोजकीच फुलपाखरं असतात. तिथे ऊन आलं की उन्हातली फुलपाखरंही येतात आणि आकडा वाढतो. पण मूळ जंगल मोठ्या क्षेत्रात पाहिलं, तर त्यात सावली असते आणि झाड पडून झालेल्या उन्हाच्या जागाही असतात. तोडलेलं जंगल त्यामानाने एकसारखं होऊन जातं. म्हणजे उत्तर जंगलाइतकंच तुमच्या प्लॉटच्या आकारावरही अवलंबून होतं!

आता माझ्या दुखण्याकडे येऊ. १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिसंस्थाशास्त्रातले १७६ प्रयोग तपासले आणि एका चुकीला नाव दिलं: स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे आभासी पुनरावृत्ती. तोड एका कुपात झाली असेल, तर त्यातले तीस प्लॉट ही तोडीची तीस उदाहरणं नव्हेत. ते एकाच उदाहरणाकडे तीस वेळा पाहणं आहे. भाताच्या एकाच पातेल्यातली तीस शितं चाचपून 'हा तांदूळ नेहमी मऊच होतो' असं म्हणण्यासारखं.

हर्लबर्ट यांचा पेपर सगळ्यांनी वाचला, संदर्भातही दिला. तरीही २०१३ मध्ये बेंजामिन रामेज आणि सहकाऱ्यांनी उष्णकटिबंधीय जंगलांतल्या लाकूडतोडीवरचे अलीकडचे ७७ अभ्यास तपासले, तेव्हा ६८ टक्क्यांत ही चूक निश्चितपणे होती. निःसंशय निर्दोष फक्त ७ टक्के. लोक आळशी होते म्हणून नव्हे. कुठे तोडायचं हे संशोधक ठरवत नाही. सपाट, रस्त्याजवळची, मोठ्या झाडांची जागा आधी तोडली जाते. जी उरते ती बऱ्याचदा चढावर किंवा दूर असते. दोन्ही जागा मुळात सारख्या होत्या, हे आपण नुसतं धरून चालतो.

यावरचा इलाज ऐकायला सोपा आहे: तोडीच्या आधीही मोजा आणि नंतरही, तोडलेल्या जागी आणि न तोडलेल्या जागी. ब्राझीलच्या जारी भागात फिलिपे फ्रान्सा आणि सहकाऱ्यांनी शेणकिड्यांवर हे करून पाहिलं (२०१६). त्याच माहितीवर त्यांनी दोन्ही हिशेब मांडले. फक्त 'तोडलेलं विरुद्ध न तोडलेलं' अशा तुलनेत प्रजातींचं नुकसान कमी दिसलं, 'आधी विरुद्ध नंतर' धरल्यावर जास्त. बोर्निओतल्या साबा राज्यात रॉबर्ट यूअर्स यांच्या सेफ प्रकल्पाने तर जंगल तोडलं जाण्याआधीच १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे आखून मोजणी सुरू केली.

'तोडलेलं' हा एकच शब्दही पुरत नाही. किती तोडलं? झुझाना बुरिवालोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की हेक्टरी ३८ घनमीटर लाकूड काढलं तर सस्तन प्राण्यांच्या प्रजाती निम्म्या होतात. उभयचरांसाठी हा आकडा ६३. पक्ष्यांच्या प्रजातींची संख्या मात्र तोडीबरोबर वाढली. म्हणून यादीची लांबी बघून खूश होऊ नका. यादीत कोण आलं आणि कोण गेलं ते बघा. दाट जंगलातला किडेखाऊ पक्षी गेला आणि मोकळ्या रानातले दोन आले, तर आकडा वाढतोच.

एवढी चिकित्सा कशासाठी? कारण या आकड्यांवर जमिनीचे निर्णय होतात. तोडीचा परिणाम कमी दाखवला तर उरलेल्या मूळ जंगलात कुऱ्हाड शिरते. जास्त दाखवला तर उलटं संकट: 'हे जंगल तसंही खराब झालंय' म्हणत तिथे पाम तेलाची लागवड होते. साबामध्ये डेव्हिड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांना (२०११) दोनदा तोडलेल्या जंगलातही मूळ जंगलातल्या ७५ टक्क्यांहून जास्त पक्षी आणि शेणकिड्यांच्या प्रजाती सापडल्या. त्याच वर्षी ल्यूक गिब्सन आणि सहकाऱ्यांनी १३८ अभ्यासांवरून मांडलं की मूळ जंगलाला पर्याय नाही. दोन्ही खरं आहे. नीट मोजलं नाही तर मात्र ज्याला जे हवं ते तो त्यातून उचलतो.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना स्वतःला विचारा: माझं एकक प्लॉट आहे की कूप? 'आधी'ची माहिती आहे का? किती घनमीटर निघालं? यादीत बदललं कोण?

माझं काय झालं? साठ प्लॉट फुकट गेले नाहीत, प्राथमिक पाहणी म्हणून वापरले. मग एका वनरक्षक दादांनी एक गोष्ट सुचवली, जी मला कुठल्याच पेपरात सापडली नव्हती: "मॅडम, कार्य आयोजना बघा ना." कोणता कूप कोणत्या वर्षी तोडायचा, हे वनविभागाच्या कार्य आयोजनेत आधीच लिहिलेलं असतं. म्हणजे 'आधी' मोजायला कुठे जायचं याचा पत्ता तिथे तयार होता. ब्रँडिसच्या खाचांची ती वारसदार वही, लाकडासाठीच लिहिलेली. यंदा मी त्यातले अजून न तोडलेले सहा कूप निवडलेत, आणि प्रत्येकासाठी तोडीच्या यादीत नसलेली, जवळची, तशाच उताराची एक जागा. पहिली मोजणी पावसाळ्याआधी संपवायची आहे. प्लॉट कमी आहेत, चालणं खूप आहे. पण पुढच्या सादरीकरणात कोणी एन विचारला, तर मी "सहा" म्हणेन.