वरून काहीच दिसत नव्हतं

३० ऑगस्ट १९९७, शनिवार, रात्री दहाच्या सुमारास. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचा सुरक्षा अधिकारी आँरी पॉल घरी गेलेला असतो. ब्रिटनची माजी युवराज्ञी डायना आणि तिचा मित्र दोदी फायद हॉटेलवर परत आल्याचं कळताच तो पुन्हा कामावर येतो. त्याच्या रक्तात लिटरमागे सुमारे १.७४ ग्रॅम अल्कोहोल होतं, हे पुढे तपासणीत निघालं. फ्रान्समधली मर्यादा होती ०.५.

१२.२०. हॉटेलच्या मागच्या दारातून काळी मर्सिडीज निघते. स्टिअरिंगवर पॉल, शेजारी अंगरक्षक ट्रेव्हर रीस-जोन्स, मागे डायना आणि दोदी. फोटोग्राफरांना गुंगारा द्यायच्या घाईत चौघांपैकी एकानेही सीटबेल्ट लावलेला नाही.

१२.२३. सीनकाठचा आल्मा बोगदा. वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, गाडी शंभरच्या आसपास. एका पांढऱ्या फियाट ऊनोला घासून ती तेराव्या खांबावर आदळते. पॉल जागीच ठार. दोदीलाही बोगद्यातच मृत घोषित करण्यात आलं. रीस-जोन्सच्या चेहऱ्याचा चेंदामेंदा झालेला. आणि डायना? मागच्या सीटपुढच्या जागेत कोसळलेली, श्वास चालू, अंगावर डोळ्यांत भरेल अशी जखम नाही.

योगायोगाने समोरच्या बाजूने फ्रेडरिक मायेझ नावाचे डॉक्टर गाडीतून जात होते, ड्यूटीवर नसलेले. त्यांनी फोन केला, गाडीतला ऑक्सिजनचा मास्क आणून तिला लावला. ही बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

१२.३२. अग्निशमन दलाचे जवान पोचतात. त्यांच्यातल्या झाव्हिये गुरमेलाँने पुढे सांगितलं, की उजव्या खांद्याला थोडा मार सोडला तर त्याला काही दिसलं नाही, ती वाचेल असंच वाटलं. त्याचा अंदाज चुकला यात नवल नाही. अनेक ठिकाणी मार बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. गाडी थांबते, शरीर थांबतं, पण छातीतलं हृदय क्षणभर पुढे सरकत राहतं. डायनाचं हृदय असंच जागचं हललं. फुप्फुसातून हृदयाकडे रक्त आणणारी डाव्या बाजूची वरची नीला हृदयाला जिथे मिळते, तिथेच फाटली. नीलेतला दाब धमनीपेक्षा बराच कमी, म्हणून रक्त हळूहळू झिरपत राहिलं. धमनी फाटली असती तर ती मिनिटांत गेली असती. नीला फाटल्यामुळे ती बोलू शकत होती, हातपाय हलवू शकत होती, आणि आजूबाजूच्यांची फसगत होत होती.

१२.४०. साम्यू या तातडीच्या सेवेची रुग्णवाहिका येते, सोबत डॉ. जाँ-मार्क मार्तिनो. सलाइन लावली जाते. ती अस्वस्थ आहे, हात झटकते आहे.

१.००. तिला गाडीबाहेर काढलं जातं आणि हृदय थांबतं. छाती दाबून, श्वासनलिकेत नळी घालून ते परत सुरू केलं जातं.

१.१८. रुग्णवाहिकेत. रक्तदाब खाली, तो टिकवायला डोपामिन.

१.४१. आता कुठे गाडी हलते, तीही सावकाश. पिते-साल्पेत्रियेर रुग्णालय अवघ्या काही किलोमीटरवर, पण रक्तदाब ढासळल्यामुळे वाटेत, जवळजवळ दारात आल्यावर, गाडी पुन्हा थांबवावी लागते.

या तासाभरावर वर्षानुवर्षं वाद झाला. अमेरिकी पद्धत म्हणजे उचला आणि पळा. फ्रेंच पद्धतीत डॉक्टरच रस्त्यावर येतो, रुग्ण स्थिर करतो, मग नेतो. १९६७ साली पहिलं हृदयरोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीही लवकर शस्त्रक्रिया झाली असती तर ती वाचली असती, असं म्हटलं. माझं मत विचाराल तर हृदयविकाराच्या झटक्याला फ्रेंच पद्धत उत्तम. छातीत रक्त साठत असताना मात्र औषधाने रक्तदाब उचलून धरणं म्हणजे फुटक्या टाकीत वरून पाणी ओतणं. तिथे भोक शिवणारा हात लागतो, तो हात शस्त्रक्रियागृहात असतो. अर्थात मार्तिनोंना बोगद्यात ना एक्स-रे होता ना आज आपल्या हाती असलेला शवविच्छेदनाचा अहवाल, हेही विसरू नये.

२.०६. रुग्णालय. एक्स-रेत छातीच्या उजव्या बाजूला रक्त दिसतं. नळी घालून ते काढतात, बाहेरून रक्त देतात. काही मिनिटांतच हृदय पुन्हा थांबतं. ड्यूटीवरचे सर्जन डॉ. माँसेफ दहमान शस्त्रक्रियागृहापर्यंत नेण्याचीही वाट न पाहता तिथेच छाती उघडतात. एव्हाना दुसरं संकट ओढवलेलं असतं. खूप रक्त गेलं की शरीर गार पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं, रक्त गोठेनासं होतं. आणि गोठेनासं झालं की आणखी वाहतं. हृदयशल्यविशारद प्रा. आलाँ पावी येतात, जखम डावीकडे असल्याचं ओळखतात, नीला सापडते, शिवलीही जाते. पण हृदय स्वतःहून धडकत नाही. हाताने दाबून, अॅड्रेनलिन देऊन, विजेचे झटके देऊन पाहतात.

पहाटे ४.००. प्रयत्न थांबवले जातात. डायना ३६ वर्षांची होती.

त्याच रुग्णालयात रीस-जोन्सही होता. बघणाऱ्याने ज्याची आशा आधी सोडली असती, तो माणूस. चेहऱ्याची हाडं टायटॅनियम वापरून पुन्हा जुळवली गेली, महिनाभराने तो घरी गेला. पुढच्या सीटसमोर एअरबॅग होती, मागे नव्हती.

७ एप्रिल २००८ रोजी लंडनच्या ज्यूरीने पॉल आणि पाठलाग करणाऱ्या गाड्यांच्या बेदरकार चालवण्याला दोषी धरलं. सीटबेल्ट न लावणं हेही मृत्यूचं एक कारण म्हणून नोंदवलं. न्यायवैद्यक तज्ज्ञ रिचर्ड शेफर्ड यांच्या मते पट्टा असता तर काही हाडं मोडण्यावर निभावलं असतं.

आपल्याकडे ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये पोचले तेव्हा नाडी नव्हती, रक्तदाब नव्हता. सुमारे ५० मिनिटं प्रयत्न करून ७.२० ला डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केलं. शवविच्छेदनात यकृत फाटून झालेला रक्तस्राव आणि मानेच्या मणक्याची इजा आढळली. मागच्या सीटवरही पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे. न लावल्यास दंड एक हजार रुपये.