तीन हजारांचा हुकूमनामा

कल्याणहून भिवपुरीवरून खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांचा कायदा झाला होता. इंग्लंडात जुना नियम असा, की माणूस गेला की त्याची फिर्यादही गेली. रेल्वेचे अपघात वाढले तेव्हा, १८४६ मध्ये, तिथल्या पार्लमेंटनं तो बदलला. तोच बदल पुढं आपल्याकडं आला. दुसऱ्याच्या चुकीनं कुणी दगावलं तर पती, पत्नी, आईबाप, मुलं यांना भरपाई मागता येऊ लागली. पण कशाची? मुख्यतः घरात येणारा पैसा बुडाला, त्याची. दुःखाला त्या हिशेबात रकाना नव्हता.

हा हिशेब दवाखान्याच्या दारात आला की काय होतं, ते पाहा. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. टॅक्सीनं सुमारे २०० मैल त्याला पुण्याला नेलं. तिथं भूल न देता, तिघांनी पाय ओढून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला. त्याच रात्री मुलगा गेला. वडील कोर्टात गेले, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांचा निष्काळजीपणा मान्य केला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' हा निवाडा आजही वकील दाखवतात. भरपाई मात्र तीन हजार रुपये! निवाड्याचं नाव मोठं झालं, रक्कम कुणाच्या लक्षात नाही.

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेत एका बाईंच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्या दगावल्या. खालच्या कोर्टानं ३६ हजार दिले, हायकोर्टानं तो निकाल फिरवला, सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा कायम केला, तो १९९६ मध्ये. तेहतीस वर्षांत रुपया किती झिजला, हे तुम्हीच मनाशी मोजा.

तोवर वारं बदललं होतं. १९९५ मध्ये डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात अशी रुग्णालयं तेवढी बाहेर राहिली. त्यांच्याविरुद्ध दिवाणी कोर्टच. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात मुलाच्या भरपाईशिवाय आईबापांच्या मनस्तापाचे वेगळे पाच लाख मंजूर झाले. दुःखाचा रकाना असा उघडला. २०१३ मध्ये कोलकात्याच्या प्रकरणात रक्कम ५ कोटी ९६ लाखांवर गेली, वर व्याज. वाहन अपघातातलं ठरीव गुणकाचं कोष्टक इथं बांधील नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

भिवपुरीचा माणूस पैसे मोजून मुंबईत उपचार घेतो, तेव्हा २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला, करू शकतो. ती जिल्ह्यात चालेल की वर जाईल, हे आता तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, उपचारासाठी किती पैसे मोजलेत यावर ठरतं. मुदत दोन वर्षांची. तोवर केसपेपर, बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या घरात जपून ठेवाव्या लागतात.