टायमिंग 'बांधणे' : कुलाबा किनाऱ्यावरील मोटारविद्येच्या बोलीचा एक धागा

मोटारीच्या इतिहासासंबंधी मराठीत जे थोडेफार लेखन झाले आहे, त्यात कारखाने, कारखानदार व रस्ते यांची हकीकत येते; मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या बोलीची येत नाही. वस्तुतः ही बोली हेही इतिहासाचे एक साधन होय. प्रस्तुत लेखात पेट्रोल इंजिनाच्या एकाच अंगाचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, आणि तिच्याभोवती रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (१९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता) रुजलेल्या शब्दांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम यंत्रणा समजून घेतली पाहिजे. बॅटरीचा बारा व्होल्टांचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. पॉइंट उघडला की तो एकाएकी तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीसेक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता रोटर हा दाब ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या वायरीत सोडतो, व प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. ज्या दांड्याला पिस्टन जोडलेले असतात त्याचे दोन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. जीप, फियाट व अँबॅसेडर या तिन्ही गाड्यांत पाळीचा क्रम एकच : १-३-४-२. अलिबागेच्या जुन्या मेस्त्रींच्या तोंडी 'एक-तीन-चार-दोन' हे चार अंक पाढ्यासारखे बसलेले असत. वायरी बदलताना एक काढावी, तिच्या जागी नवी बसवावी, मगच दुसरीला हात लावावा, हा नियम याच क्रमाच्या धास्तीने पडला आहे. चारही एकदम उपटणाऱ्या शिकाऊ पोराची मग फजिती ठरलेली.

या डिस्ट्रिब्यूटरला अनेक गॅरेजांत 'डेल्को' म्हणत. हा शब्द मुळात व्यापारी नाव आहे. चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली अमेरिकेत डेटन येथे जी कंपनी काढली तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून ते बनले. केटरिंगची बॅटरीवर चालणारी ठिणगीची यंत्रणा १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसली. पुढे ही कंपनी जनरल मोटर्सच्या परिवारात गेली. आता नवल असे की, आमच्याकडे ज्या गाड्या सर्वाधिक राबल्या त्यांपैकी फियाट इटालियन घराण्याची, अँबॅसेडर ब्रिटिश, आणि जीप अमेरिकन असली तरी जनरल मोटर्सची नव्हे. मग हे नाव आले कोठून? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. शेव्हरोले गाड्या व ट्रक तेथून बाहेर पडत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने येणाऱ्या-जाणाऱ्या कुलाबेकरांचा मुंबईच्या कामकरी वस्तीशी संबंध किती निकटचा होता हे सांगावयास नको. शब्द शिवडीच्या बाजूने खाडी उतरून आला असावा, असे अनुमान करण्यास यास्तव हरकत दिसत नाही. पुढे गाड्या बदलल्या, कारखाना बंद झाला, नाव मात्र परक्या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरला चिकटून राहिले.

या किनाऱ्याला ही रीत नवी नाही. जो वस्तू आणील त्याचा शब्द घ्यावयाचा, हा येथील जुना व्यवहार. 'बंदर' व 'नाखवा' फारसीतून आले, 'चावी' पोर्तुगीजातून. चौलहून पोर्तुगीज सत्ता १७४० साली उठली. तरी समोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीजावर घडलेली एक स्वतंत्र बोली अद्याप घरोघर बोलली जाते.

शब्द बाहेरचा असला तरी दुखणे येथलेच होते. समुद्राचा खारा दमट वारा तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज चढवितो, आणि जुन्या वायरींचे रबर तडकले की त्या भेगांत ओल शिरते. वीस हजार व्होल्टांचा दाब प्लगपर्यंत जाण्याचे श्रम कशाला घेईल? तो वाटेतच इंजिनाच्या लोखंडावर उडी घेतो. आषाढातल्या एका पहाटे रेवदंड्यास प्रस्तुत लेखकाची जुनी फियाट अशीच अडून बसली असता एका वृद्ध मेस्त्रींनी हातातील विजेरी मालवावयास सांगितली व बॉनेट उघडून म्हटले, "आता बघा, साहेब. करंट लीक मारतोय." अंधारात वायरीच्या अंगावर निळसर ठिणग्या चमकत होत्या. त्यांनी डेल्कोची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली, ती वायर बदलली, आणि गाडी सुरू झाली.

त्या एका वाक्यात या बोलीचे व्याकरण आले आहे. करंट, लीक ही नामे इंग्रजी. 'मारतोय' हे क्रियापद आपले. ठिणगी हुकली की गाडी 'मिसिंग मारते'. जोर कमी पडला की गाडी 'उचलत नाही'. आणि टायमिंग 'बांधतात'. इंग्रजीत टायमिंगसाठी योजतात त्या क्रियापदाचा अर्थ 'ठरविणे, जागी बसविणे' असा आहे. त्याचे भाषांतर 'बांधणे' होऊ शकत नाही. होडी बांधावी, घर बांधावे, मोट बांधावी, तसे हे बांधणे आहे.

कृती पाहिली म्हणजे हे पटते. पेट्रोल जळावयास क्षणभर वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. जीपच्या जुन्या इंजिनात हे अंतर पाच अंशांचे असे. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन खडखडू लागते. फार उशिरा पडली तर ते तापते व जोर धरीत नाही. मेस्त्री पहिला सिलिंडर दाबाच्या माथ्यावर आणून खुणेला खूण जुळवितो, डेल्कोचा पट्टा सैल करून तो हाताने पुढे-मागे फिरवितो, आणि पॉइंट नेमका उघडू लागेल तेथे पट्टा आवळून टाकतो. वेळ अशी अक्षरशः नटाने बांधली जाते. त्यानंतर गाडी सुरू करून कानाने शेवटचा केसभर फरक करावयाचा. ही विद्या पुस्तकात नव्हती, शेजारी उभे राहून ऐकण्यात होती.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले व त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झाले. परिभाषेचे जे मोठे कार्य त्यानंतर झाले त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. तथापि परिभाषाकारांचे लक्ष स्वभावतः नामांवर असते. इंग्रजी नामाला संस्कृत नाम शोधले की काम झाले असे वाटते. गॅरेजाने नेमके उलट केले : नामे आली तशी ठेवली आणि क्रियापदे आपली लावली. आमच्या मते भाषा क्रियापदांत अधिक जगते. कोशासाठी शब्द टिपावयास मेस्त्रीकडे जाणाऱ्याने 'याला काय म्हणता?' एवढे विचारून भागत नाही. 'याचे काय करता?' असेही विचारले पाहिजे. हा प्रश्न आपण भाषाभ्यासकांनी वेळेवर विचारला नाही, आणि विचारण्याजोगी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

मासेमारीच्या यांत्रिक होड्यांचा येथे उपयोग नाही. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. पेट्रोल गाड्यांतूनही २००० सालच्या प्रदूषण-नियमांनंतर पॉइंट व डिस्ट्रिब्यूटर दिसेनासे झाले. ठिणगीची वेळ आता संगणक ठरवितो, आणि बहुतेक नव्या गाड्यांत कॉइल थेट प्लगवरच बसत असल्यामुळे लांब वायरीही राहिल्या नाहीत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. अलिबागेच्या एका गॅरेजात विशीतल्या मुलाला 'डेल्को' हा शब्द विचारला, तेव्हा तो ठाऊक नव्हता. 'टायमिंग बांधणे' म्हणजे काय, हे मात्र त्याने तत्काळ सांगितले : टायमिंगचा पट्टा खुणेला खूण लावून चढविणे. ठिणगीचा त्यात काही संबंध उरलेला नव्हता.