आलेखावरील ओरखडे

निजामी अमलात लष्करी छावणीचे ठाणे म्हणून ओळखले गेलेले आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा बनलेले हिंगोली, औंढा नागनाथनजीक दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेची योजना झाल्यापासून, एका अतिसूक्ष्म शास्त्राशी जोडले गेले आहे. चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांच्या या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली.

गुरुत्वीय लहरीने भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या मानानेही अत्यल्प असल्यामुळे वारा, वाहनांची धडधड, यंत्रातला क्षणिक दोष, असे सारे काही एकाच आलेखावर येऊन मिसळते. म्हणूनच पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ साली, अपेक्षित लहरींचे गणिती नमुने आधी सिद्ध करून त्यांच्याशी प्रत्यक्ष नोंदीची रुजवात कशी घालावी, याचा सविस्तर विचार मांडला.

तथापि या विद्येची खरी कसोटी लागली ती १७ ऑगस्ट २०१७ रोजी. दोन न्यूट्रॉन तारे विलीन होण्याच्या सुमारे एक सेकंद आधी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या यंत्रात अवचित गोंगाट उमटला आणि संगणकाच्या स्वयंचलित प्रणालीने तेथील नोंद ग्राह्य धरली नाही. परंतु अमेरिकेतीलच हॅनफर्ड येथील दुसऱ्या यंत्राच्या नोंदीने सावध झालेल्या संशोधकांनी काल आणि वारंवारता यांचा आलेख स्वतः निरखला, तेव्हा त्या गोंगाटाच्या डागाच्या आरपार चढत गेलेली लहरीची वक्ररेषा त्यांना स्पष्ट दिसली. दोषाचे गणिती रूप वजा केल्यावर आकाशातील स्थान निश्चित होण्यास साहाय्य झाले. यंत्राने नाकारलेल्या नोंदीची अशी फेरतपासणी करण्याची वृत्ती मला या शास्त्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. त्याच वर्षी हॅनफर्ड येथील काही अनाकलनीय ओरखड्यांचा माग काढता काढता संशोधक एका थंड नळीपाशी पोहोचले, आणि तिच्यावरील बर्फावर डोमकावळे चोच मारतात, हे कारण निघाले!

हिंगोलीची भूमीही सर्वस्वी मूक नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे येथे जमिनीतून येणारे आवाज ग्रामस्थांच्या दीर्घ परिचयाचे आहेत, आणि २१ मार्च २०२४ रोजी या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपही झाला. उद्या दुधाळ्याच्या आलेखावर उमटणाऱ्या ओरखड्यांचा उलगडा करताना अशा स्थानिक अनुभवाचा उपयोग व्हावयाचा असेल, तर परिसरातील शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी प्रत्येक आवाजाची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवणारी नोंदवही आजच सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.