लहान पशूंचा विमा : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

घरातील लहान जनावराचा विमा उतरवावा किंवा नाही, हा प्रश्न वरकरणी केवळ हिशेबाचा वाटतो. पालघर जिल्ह्यात मात्र तो दोन निरनिराळ्या रूपांत उभा राहतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळील सदनिकेत कुत्रा, मांजर किंवा ससा पाळणाऱ्या कुटुंबापुढे उपचारांच्या खर्चाचा प्रश्न असतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर चार-सहा शेळ्या राखणाऱ्या कुटुंबाला मात्र जनावर दगावल्यास उद्याचे काय, याची चिंता असते. विमा देणारी व्यवस्था या दोघांकडेही फार उशिरा वळली. ती उशिरा का वळली आणि वळताना कोणती जुनी सवय सोबत घेऊन आली, हे तपासल्यास आजचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

१. पशुविम्याच्या दोन परंपरा :

युरोपात पशुविम्याचा उगम लहान मालकाच्या गरजेतून झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत शेतमजुरांनी आपापसांत वर्गणी काढून 'गाय मंडळे' व 'डुक्कर मंडळे' चालविली. सभासदाचे एकुलते एक जनावर दगावल्यास त्याला या सामाईक निधीतून भरपाई मिळत असे. सर्व सभासद एकमेकांच्या परिचयाचे असल्यामुळे जनावर खरोखरच मेले की नाही, हे सिद्ध करण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नसे. स्वीडनमध्ये १८९० च्या सुमारास घोडे व गुरे यांच्या विम्यास आरंभ झाला आणि १९२४ मध्ये तेथे कुत्र्याचा विमा उतरविण्यात आला. ब्रिटनमध्ये अशी पहिली विमापत्रे १९४७ मध्ये, तर अमेरिकेत १९८२ मध्ये निघाली.

आपल्याकडे मुंबईत पशुवैद्यक शास्त्राचा पाया लवकर घातला गेला. परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. त्याच परिसरात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. मात्र उपचाराची ही सोय आणि विमा यांची सांगड पुढे दीर्घकाळ घातली गेली नाही. भारतातील संघटित पशुविमा दवाखान्याच्या मार्गाने न येता बँकेच्या मार्गाने आला, हा या विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा होय.

२. लहान पशू आणि कर्जाचा इतिहास :

सागरी, नागरी व डोंगरी असे त्रिविध स्वरूप असलेल्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पूर्वेकडील आदिवासी पट्ट्यात कर्ज आणि स्वातंत्र्य यांचा संबंध अतिशय निकटचा राहिला आहे. लग्नासाठी घेतलेल्या अल्पशा कर्जापायी जमीनदाराकडे राबत राहणाऱ्या आदिवासीला 'लग्नगडी' म्हटले जाई. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने उंबरगाव-डहाणू भागात वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा उभारला. वेठबिगारीस देशव्यापी कायदेशीर बंदी १९७६ च्या अधिनियमाने आली.

या पार्श्वभूमीवर शेळीचे स्थान समजून घ्यावयास हवे. शेळी ही गरिबाची गाय होय, असे आपल्याकडे म्हटले जाते. तथापि दुधापेक्षाही तिचे महत्त्व अडीअडचणीच्या वेळी रोख रक्कम देणारी ठेव म्हणून अधिक आहे. आजारपण, लग्न, पेरणी अशा प्रसंगी एखादी शेळी विकली की सावकाराचा उंबरठा टळतो. म्हणूनच शेळी दगावणे ही केवळ उत्पन्नाची हानी न राहता ते कुटुंब पुन्हा कर्जाच्या वाटेवर ढकलले जाण्याची शक्यता निर्माण होते.

३. कर्जासोबत आलेला विमा :

१ जानेवारी १९७३ पासून भारतातील सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि चार सरकारी कंपन्यांमार्फत तो चालू लागला. त्यानंतर लगेचच या कंपन्यांनी पशुविमा हाती घेतला. त्याला खरी चालना मिळाली ती एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमामुळे. १९७८-७९ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकास गटांना लागू करण्यात आला. अनुदान व बँक-कर्ज यांतून जनावर घेऊन द्यावयाचे आणि त्या जनावराचा विमा उतरवावयाचा, अशी ही रचना होती.

या रचनेत विम्याचे पहिले काम कर्जास संरक्षण देणे हे होते. साहजिकच विमापत्रात मृत्यूची भरपाई आली, उपचाराचा खर्च आला नाही. कानात बिल्ला, पशुवैद्यकाचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे दाव्याचे आधार ठरले. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम पशुपालकांच्या अंगवळणी पडला. ज्याने स्वतःहून जनावर वाढविले आणि ज्याच्या डोक्यावर बँकेचे कर्ज नव्हते, त्याच्यापर्यंत विमा क्वचितच पोहोचला.

केंद्र शासनाने २००५-०६ मध्ये देशातील १०० जिल्ह्यांत प्रायोगिक पशुधन विमा योजना सुरू केली. हप्त्याचा निम्मा भार शासनाने उचलला, दाव्यासाठीची कागदपत्रे चारवर आणली आणि पंधरा दिवसांत दावा निकाली काढण्याची अपेक्षा ठेवली. परंतु ही योजना संकरित व अधिक दूध देणाऱ्या गाई-म्हशींसाठीच होती. शेळी या वेळीही बाहेरच राहिली.

४. शेळी व ससा यांचा समावेश :

२०१४-१५ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानांतर्गत विम्याची व्याप्ती वाढली. शेळी, मेंढी, वराह व ससा यांचा त्यात समावेश झाला. असे दहा लहान पशू मिळून एक पशुघटक धरण्यात आला आणि एका कुटुंबास पाच घटकांपर्यंत मर्यादा देण्यात आली. सर्वसाधारण प्रदेशात हप्त्याची कमाल मर्यादा एका वर्षासाठी विमा रकमेच्या ३ टक्के व तीन वर्षांसाठी ७.५ टक्के ठेवली गेली. दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांचा वाटा हप्त्याच्या ३० टक्के होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लाभार्थ्याचा वाटा सरसकट १५ टक्क्यांवर आणला आणि शेळ्या-मेंढ्यांसाठीची मर्यादा दहा घटकांपर्यंत वाढविली.

एका उदाहरणाने याचा अर्थ स्पष्ट होईल. राज्य शासनाच्या योजनेप्रमाणे दहा शेळ्या व एक बोकड असा गट घेतला आणि प्रत्येक जनावराची किंमत ८,००० रुपये मानली, तर गटाची किंमत ८८,००० रुपये होते. ३ टक्के दराने वार्षिक हप्ता २,६४० रुपये येतो. त्याचा १५ टक्के वाटा ३९६ रुपये, म्हणजे एका शेळीच्या किमतीच्या सुमारे विसाव्या भागाइतका. वीस वर्षांत एका शेळीची भरपाई जरी हाती पडली, तरी हा खर्च भरून निघतो. अनुदान नसते, तर तीन वर्षांचा हप्ता जवळजवळ एका शेळीएवढा झाला असता.

तथापि येथेच जुनी सवय आड येते. हप्ता स्वस्त झाला, पुरावा मात्र महागच राहिला. भर पावसात दूरच्या पाड्यावर शेळी दगावली, तर कंपनीस कळविणे, पशुवैद्यक येईपर्यंत शव राखणे, बिल्ला सांभाळणे ही सारी जबाबदारी मालकावर येते. गाईसाठी हा खटाटोप परवडतो. एका शेळीसाठी बुडालेली मजुरी व प्रवासखर्च यांतच भरपाईचा काही भाग संपतो. इंग्लंडमधील मंडळांत शेजाऱ्याची साक्ष जे काम सहज करीत असे, ते आपल्याकडे कागदावर सोपविले गेले.

५. सदनिकेतील पाळीव प्राणी :

सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्याच्या विम्याची सोय पूर्वीपासून आहे. मात्र शहरी पाळीव प्राण्यांच्या आरोग्यविम्याची चर्चा आपल्याकडे अलीकडची होय. बजाज आलियान्झ कंपनीने २०२० मध्ये पाळीव कुत्र्यांसाठी विमा आणला. शस्त्रक्रिया, रुग्णालयातील उपचार तसेच कुत्र्याने इतरांस केलेल्या इजेची जबाबदारी यांचा विचार अशा विमापत्रांत होऊ लागला. कर्जाऐवजी उपचार केंद्रस्थानी येणे, हा पशुविम्याच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल मानावा लागेल.

सशाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. मांस वा लोकरीसाठी पाळलेला ससा शासकीय योजनेत 'पशुधन' म्हणून मोजला जातो. बोईसरच्या सदनिकेतील ससा मात्र त्या व्याख्येत बसत नाही. जनावर तेच, पण मालकाचा हेतू बदलला की विम्याचे दारही बदलते.

६. निर्णयाचे निकष :

वरील इतिहासावरून विमा घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल. पहिला, विमा मृत्यूचा आहे की उपचाराचा? दुसरा, दावा सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावा आपल्या गावी, आपल्या वेळेत मिळू शकेल काय? तिसरा, हानी झाल्यास ती आपल्याला विम्याविना सोसता येईल काय?

या निकषांवर शासकीय योजनेतून वा कर्जाने घेतलेल्या शेळीगटाचा विमा अवश्य उतरवावा. एक-दोन शेळ्या असणाऱ्याने प्रथम पीपीआर व आंत्रविषार या रोगांविरुद्ध लसीकरण आणि वेळेवर जंतनाशन यांवर भर द्यावा, कारण विमा मृत्यूनंतर कामी येतो, लस त्यापूर्वी. बिबट्याने जनावर मारल्यास वनविभागाकडून पंचनाम्यानंतर मिळणारी भरपाई ही वेगळी बाब आहे, हेही ध्यानात ठेवावे. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत वगळलेले आजार, वयाची अट व प्रतीक्षा कालावधी वाचूनच निर्णय घ्यावा. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च एकरकमी झेपणार नसेल, तर विमा उपयुक्त ठरतो. ससा वा पक्षी यांच्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवणे बहुधा अधिक सोयीचे ठरेल.

समारोप :

पशुविम्याने आपल्याकडे प्रथम बँकेचे कर्ज राखले, नंतर दुभती गाय राखली आणि सर्वांत शेवटी शेळी व घरातील कुत्रा यांच्याकडे तो वळला. पालघरच्या पाड्यांवर आता हप्त्यापेक्षा पुराव्याची अडचण मोठी आहे. महिला बचत गटांच्या परस्पर साक्षीला दाव्याच्या प्रक्रियेत स्थान देता आले, तर ही अडचण बऱ्याच अंशी दूर होऊ शकेल. ज्या भूमीत एका लग्नाच्या कर्जाने माणसे वर्षानुवर्षे बांधली गेली, तेथे एका शेळीची भरपाई वेळेवर हाती पडणे ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.