डिगॉक्सिन: हृदयाला बळ देणारी गोळी घातक कधी ठरते?

घरात हृदयाचा आजार असलेलं कुणी ज्येष्ठ असेल, तर त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात डिगॉक्सिन नावाची एक छोटीशी गोळी तुम्ही पाहिली असेल. चिठ्ठीवर अनेकदा लिहिलेलं असतं, 'आठवड्यातून पाच दिवस, दोन दिवस बंद.'

बीपीच्या गोळीला अशी सुट्टी नसते, शुगरच्या गोळीलाही नसते. मग हिलाच का?

कारण या औषधात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार कमी आहे.

हे औषध आलं कुठून?

डिगॉक्सिन 'कार्डियाक ग्लायकोसाइड' या गटातलं औषध आहे. या गटाचा इतिहास सुरू होतो इंग्लंडमधल्या फॉक्सग्लोव्ह या फुलझाडापासून. त्याचं शास्त्रीय नाव डिजिटालिस.

१७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरांकडे अंगावरची सूज उतरवणारा एक घरगुती काढा आला. त्यात वीसहून जास्त वनस्पती होत्या. खरं काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्हच आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढची दहा वर्षं रुग्णांवर वापरून त्यांनी १७८५ मध्ये आपले अनुभव पुस्तकरूपात छापले.

मात्रा जास्त झाली तर उलट्या होतात, नाडी मंदावते आणि वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. शुद्ध डिगॉक्सिन वेगळं काढण्यात यश आलं ते १९३० मध्ये.

हृदयाचा ठोका जोरकस कसा होतो?

हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीवर एक पंप असतो. तो दर फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हा पंप शोधणारे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कू यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

डिगॉक्सिन नेमकं याच पंपाला जाऊन चिकटतं आणि त्याचा वेग कमी करतं. त्यामुळे पेशीत सोडियम साचू लागतं.

पेशीच्या भिंतीवर आणखी एक दरवाजा असतो. तो सोडियम आत घेतो आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर सोडतो. पण आतच सोडियम वाढलं की ही अदलाबदल मंदावते आणि कॅल्शियम पेशीत उरतं. पेशी ते आपल्या आतल्या कोठारात साठवते. पुढच्या ठोक्याला कोठारातून जास्त कॅल्शियम सुटतं आणि स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो.

थोडक्यात, औषध अडवतं सोडियमचा पंप, पण फायदा होतो वाढलेल्या कॅल्शियममुळे.

हृदयाच्या विजेवर काय परिणाम होतो?

हृदय चालतं ते विजेच्या सूक्ष्म संदेशांवर. हे संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जातात. मध्ये एव्ही नोड नावाची चौकी असते.

'एट्रियल फिब्रिलेशन' या आजारात वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशेहून जास्त वेळा थरथरतात. यातले बरेच संदेश खाली पोहोचले, तर हृदय नुसतं धावतं आणि रक्त नीट पुढे ढकललं जात नाही. डिगॉक्सिन मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव वाढवतं. त्यामुळे चौकीवरची तपासणी कडक होते, कमी संदेश पुढे जातात आणि नाडी आटोक्यात येते.

मग अडचण कुठे आहे?

जे कॅल्शियम ठोक्याला बळ देतं, तेच प्रमाणाबाहेर साठलं की कोठारातून अवेळी गळू लागतं. त्यातून भलत्या वेळी विजेचा संदेश तयार होतो आणि मध्येच जादा ठोके पडतात. दुसरीकडे चौकीही इतकी कडक होते की आवश्यक संदेशही अडतात. एकाच वेळी जादा ठोके आणि मंद नाडी, दोन्ही दिसू शकतं. अशी बिघडलेली लय जिवावर बेतू शकते.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत डिगॉक्सिनची रक्तातली पातळी साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. ती २ च्या वर गेली की विषबाधेची शक्यता बरीच वाढते. पोटॅशियम कमी असेल, तर यापेक्षा कमी पातळीलाही त्रास होऊ शकतो. कारण पंपावरच्या जागेसाठी पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांच्यात चुरस असते. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनला रान मोकळं मिळतं.

आणि ती दोन दिवसांची सुट्टी?

डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी रक्तातलं औषध निम्म्यावर यायला दीड ते दोन दिवस लागतात. वय वाढलं, मूत्रपिंड थकलं की आणखी वेळ लागतो आणि औषध साचत जातं. ते साचू नये म्हणून आपल्याकडे अनेक डॉक्टर मध्ये सुट्टी देतात. काही डॉक्टर त्याऐवजी रोज कमी मात्रा देतात. आपल्या रुग्णाला काय योग्य, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आजही हे औषध का देतात?

१९९७ मध्ये सुमारे ६,८०० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. डिगॉक्सिनमुळे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत, पण हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण घटलं. म्हणून आज हे पहिल्या फळीतलं औषध नाही. इतर औषधं पुरेशी पडत नाहीत किंवा नाडी आवरत नाही, तेव्हा ते जोडीला दिलं जातं.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

- भूक मेली, मळमळ, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, पिवळसर किंवा धूसर दिसणं, नाडी फार मंद किंवा अनियमित होणं ही धोक्याची चिन्हं आहेत. 'पित्त झालं असेल' म्हणून सोडून देऊ नका. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.
- चक्कर येऊन पडणं किंवा शुद्ध हरपणं असं झालं, तर थेट दवाखाना गाठा. या विषबाधेवर उतारा म्हणून खास प्रतिपिंडं उपलब्ध आहेत, पण ती सगळीकडे मिळत नाहीत.
- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुलाब आणि उलट्या यांमुळे पोटॅशियम घटू शकतं. रक्ततपासणी चुकवू नका.
- क्लॅरिथ्रोमायसिन, अमिओडॅरोन, व्हेरापामिल यांसारखी औषधं डिगॉक्सिनची पातळी वाढवतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा.
- एखादी गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नका.

शेवटची गोष्ट आपल्या अंगणातली. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, यांतही याच गटातली विषारी द्रव्यं असतात. तीही त्याच पंपावर काम करतात. फरक इतकाच की गोळीत औषध किती आहे ते मोजलेलं असतं, पान, मूळ किंवा बीमध्ये ते किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे कण्हेरीचा कुठलाही घरगुती काढा घेऊ नका आणि बिट्टीच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका.